नामसाम्याचा घोटाळा

वेरूळच्या भोसल्यांच्या घराण्यात लागोपाठच्या चार पिढ्यांत संभाजी या नावाचे चार पुरुष होऊन गेले, आणि ज्या नगराला आज छत्रपती संभाजीनगर हे नाव आहे त्या नगरातल्या चांगल्या वाचनवेड्या माणसालाही ते चौघे अनुक्रमाने सांगता येतील, अशी हमी देववत नाही. पहिला संभाजी हा विठोजीचा पुत्र, म्हणजे शहाजीराजांचा चुलतभाऊ. निजामशाही दरबार उठताना खंडागळ्यांचा हत्ती बिथरला आणि त्या गर्दीत जाधव व भोसले यांच्यामध्ये जी चकमक उडाली, तीत याने लखुजी जाधवांचा पुत्र दत्ताजी याला मारले आणि लखुजींनी याला मारले. दुसरा शहाजीराजे व जिजाबाई यांचा थोरला पुत्र, शिवाजीमहाराजांचा वडील बंधू, जो कनकगिरीच्या वेढ्यात पडला. तिसरे छत्रपती संभाजीमहाराज, जन्म १६५७, वध १६८९. नगराचे नाव यांच्यावरून. चौथे राजाराममहाराज व राजसबाई यांचे पुत्र, कोल्हापूरच्या गादीचे संभाजी, ज्यांनी १७३१ मध्ये शाहूमहाराजांशी वारणेचा तह केला आणि जे १७६० मध्ये वारले. चौघांचे आडनाव एक, मूळ गाव एक, व्यवसाय एक. फरक तेवढा बापाच्या नावाचा. बापाचे नाव ज्या कागदात गाळले गेले असेल, त्या कागदातला संभाजी कोणता हे केवळ नावावरून ठरविण्याचा अधिकार कोणालाच नाही.

याच घराण्यात मालोजीही एकच नव्हते. घृष्णेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार करणारे मालोजी हे शहाजीराजांचे वडील. परंतु त्यांचे बंधू विठोजी यांनाही मालोजी नावाचा एक पुत्र होता, आणि तो आपल्या भावांसह शहाजहानच्या काळात मोगलांच्या चाकरीत होता. त्या भावांपैकी एकाचे नाव परसोजी. आणि नागपूरकर भोसल्यांच्या दौलतीचा पाया घालणाऱ्या पुरुषाचे नावही परसोजीच, पण तो पुढच्या काळातला, दुसऱ्या शाखेचा. शिवाजीमहाराजांच्या दोन नातवांची नावे आजोबांवरून शिवाजी अशीच ठेवली गेली. त्यांपैकी संभाजीमहाराजांचा पुत्र मोगलांच्या छावणीत वाढून शाहू या नावाने प्रसिद्धीस आला म्हणून अभ्यासकांची एक अडचण आपोआप दूर झाली. ताराबाईंचा पुत्र शिवाजीच राहिला आणि त्याला दुसरा म्हणून ओळखण्याची पाळी आली. आजाचे नाव नातवाला देण्यात आपल्याकडे जो कृतज्ञताभाव आहे तो स्तुत्य खरा. पण वंशावळ लिहिणाऱ्याच्या वाटेत त्याने जितके काटे पेरले आहेत तितके परचक्रांनीही पेरले नसतील.

राजघराण्यांच्या बाबतीत या काट्यांतून वाट काढणारे पुष्कळ झाले. १८९८ पासून राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापावयास आरंभ केला, १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि तेव्हापासून कोणता बाजी पासलकर, कोणता बाजी प्रभू आणि कोणता बाजी घोरपडे यांवर विद्वानांनी यथेच्छ शाई खर्च केली आहे. सामान्य कुटुंबाच्या पूर्वजांना असा वकील मिळत नाही. त्यांच्याविषयी जे काही लिहिले गेले ते पटवाऱ्याच्या दप्तरात, शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत, एखाद्या कर्जरोख्यावर किंवा क्षेत्रीच्या उपाध्यायांच्या बहीत. आणि तेही दुसऱ्याच कोणत्या तरी प्रयोजनाने, सारा वसुलीसाठी वा दक्षिणेसाठी, म्हणजे पुढे दीडशे वर्षांनी कोणी पणतू येऊन ओळख विचारील याची यत्किंचित कल्पना नसताना.

घोटाळे मुख्यतः दोन तऱ्हांचे होतात. एका तऱ्हेत दोन भिन्न माणसे एक होऊन बसतात. दुसऱ्या तऱ्हेत एकच माणूस दोन नावांनी दोन ठिकाणी उभा राहतो. दुसऱ्या तऱ्हेचे उदाहरण पाहण्यास या शहरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, कोणालाही लांब जावे लागणार नाही. बीबी का मकबरा जिच्यासाठी बांधला गेला ती औरंगजेबाची बेगम दिलरसबानू; मरणोत्तर तिला राबिया-उद-दौरानी हा किताब देण्यात आला, आणि लोकांच्या तोंडी त्याचे राबिया दुराणी झाले. दोन स्वतंत्र पुस्तकांतून टिपणे घेणारा विद्यार्थी दिलरसबानू ही एक राणी आणि राबिया ही दुसरी अशी नोंद सहज करून ठेवतो, आणि मग मकबरा नेमका कोणाचा या कोड्यात पडतो. त्यातच औरंगजेबाच्या एका पत्नीचे नाव औरंगाबादी महल असे होते, तेव्हा शहराच्या नावावरून तिचाही या थडग्याशी संबंध जोडण्याचा मोह अनावर व्हावा यात नवल नाही. दिलरसबानूच्या मुलींचीही तीच गत. झेबुन्निसा ही कवयित्री, जी सलीमगडाच्या कैदेत झिजली; झीनतुन्निसा ही वेगळी, जिने येसूबाई व बाल शाहू यांच्या बंदिवासात त्यांची काळजी वाहिली; परंतु दोन्ही नावांचा ध्वनी इतका जवळचा की एकीचे पुण्य दुसरीच्या पदरात पडते.

दिलरसबानूच्या पित्याकडे वळले की घोटाळ्याला वेगळाच रंग चढतो. त्याचे नाव मिर्झा बदीउज्जमान सफवी, परंतु इतिहासात तो शाहनवाजखान या किताबाने ओळखला जातो. आणि त्याच्यानंतर शंभर वर्षांनी याच औरंगाबादेत दुसरा एक शाहनवाजखान झाला, ज्याचे मूळ नाव मीर अब्दुर्रझ्झाक आणि ज्याचा आणखी एक किताब समसामुद्दौला. समसामुद्दौलाही पुन्हा एकटा नाही; १७३९ मध्ये कर्नालच्या रणांगणावर नादिरशहाशी लढताना जो खानदौरान जखमी होऊन मेला, त्याचाही किताब तोच होता. गंमत अशी की औरंगाबादच्या या दुसऱ्या शाहनवाजखानाने आयुष्यातली काही वर्षे नेमका हाच गुंता सोडविण्यात घालविली. ‘मआसिर-उल-उमरा’ हा मोगल अमीरउमरावांचा चरित्रकोश त्याचा. किताबांच्या अनुक्रमाने रचलेला हा ग्रंथ प्रत्येक सरदाराचा बाप कोण, मूळ नाव काय, कोणता किताब त्याला केव्हा मिळाला आणि मुले कोणती हे सांगत जातो, म्हणजे एका किताबाखाली दडलेली निरनिराळी माणसे एकमेकांपासून सोडवून दाखवितो. १७५८ मध्ये ग्रंथकार मारला गेला, त्याचे घर लुटले गेले आणि हस्तलिखित नाहीसे झाले. त्याचा स्नेही गुलाम अली आझाद बिलग्रामी, जो पुढे खुलताबादेस दफन झाला, याने त्याची विखुरलेली पाने मिळवून जुळविली आणि ग्रंथकाराचा पुत्र अब्दुल हय्य याने ग्रंथ वाढवून पुरा केला. माझ्या मते या शहराने विद्येला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी आहे. वेरूळ-अजिंठ्याच्या गर्दीत तिचा उल्लेखही होत नाही ही गोष्ट वेगळी.

त्या ग्रंथाची गरज का होती हे आसफजाही घराण्यावरून चांगले कळते. गोवळकोंड्याच्या वेढ्यात १६८७ मध्ये मेलेल्या कलीचखानाचा पुत्र मीर शिहाबुद्दीन; त्याचा किताब गाझिउद्दीनखान फिरोजजंग. त्याचा पुत्र मीर कमरुद्दीन, म्हणजे खुलताबादेस दफन झालेला पहिला निजाम. याने आयुष्यभरात चीनकलीचखान, खानदौरान, निजामुल्मुल्क, आसफजाह असे किताब एकामागून एक धारण केले, आणि कागद कोणत्या वर्षाचा आहे हे ठाऊक नसेल तर त्यात दिसणारे हे चार अमीर चार भिन्न माणसे वाटतात. त्याच्या थोरल्या मुलाला आजोबांचाच किताब मिळाला, म्हणून तोही गाझिउद्दीन फिरोजजंग. १७५२ मध्ये दख्खनची सुभेदारी घ्यावयास आलेला आणि औरंगाबादेत विषप्रयोगाने मेलेला तो हा. आणि याच्या मुलाचे तर मूळ नावही पणजोबांचे, शिहाबुद्दीन, आणि किताबही पणजोबांचाच. दिल्लीत बादशहा आलमगीर दुसरा याचा ज्याने खून करविला तो इमादुल्मुल्क हाच. नाव तेच, किताब तोच, घराणे तेच. मध्ये गेली सत्तर वर्षे. केवळ नावावर विसंबणारा मनुष्य गोवळकोंड्यावर तोफा चालविणाऱ्या सरदाराच्या माथी दिल्लीतल्या बादशहाचा खून मारून मोकळा होईल.

आता आपल्यासारख्यांच्या घराण्यांकडे येऊ. मराठवाड्यात हा विषय केवळ हौसेचा राहिलेला नाही. २०२३ मध्ये शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि निजामकालीन दप्तरांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून खासरा पत्रके, पाहणी पत्रके, १९५१ ची राष्ट्रीय नोंदवही, जन्ममृत्यूची गाव नमुना चौदाची पुस्तके यांची नावे घरोघर ऐकू येऊ लागली. नोंद सापडली की काम झाले असे पुष्कळांना वाटते. वास्तविक नोंद सापडणे हे अर्धेच काम. त्या नोंदीतला इसम तोच आपला पूर्वज, हे सिद्ध करणे हे उरलेले अर्धे, आणि कष्टाचे.

समजा, कन्नड तालुक्यातल्या एखाद्या गावी एका कुटुंबाचा पूर्वज गणपत राघो हा आहे, आणि घरातल्या सांगण्याप्रमाणे त्याची जमीन ओढ्याकाठी होती. १९५४ च्या खासरा पत्रकात त्या जमिनीवर गणपत वल्द राघो हे नाव मिळते. कुटुंबाला आनंद होतो. मग जुन्या दप्तरात फसली १३४४ ची विरासतीची नोंद निघते: गणपत वल्द राघो मयत, वारस मुलगा राघो. फसली १३४४ म्हणजे १९३४-३५. जो तेव्हा मयत झाला तो १९५४ मध्ये शेत कसणार नाही, हे उघड आहे. तरी हा विरोध लक्षात न घेता दोन्ही नोंदी एकाच गणपतच्या नावे चिकटवून दिलेल्या वंशावळी थोड्याथोडक्या नसतात, कारण नाव जुळले की डोळे तारखेकडे जात नाहीत. खरा क्रम असा असण्याचा संभव आहे की राघोचा मुलगा गणपत, त्याचा मुलगा राघो, त्याचा मुलगा पुन्हा गणपत. म्हणजे दोन पिढ्या गिळल्या गेल्या होत्या. शाळेच्या नोंदवहीत या धाकट्या गणपतचा प्रवेश सापडला तर संभव बळकट होतो. मात्र जन्मतारीख १ जून अशी असेल तर तिच्यावर फारसा भार टाकू नये. महाराष्ट्रातल्या शाळामास्तरांनी त्या एका दिवशी जितकी मुले जन्माला घातली, तितकी ब्रह्मदेवालाही घालता आली नसती.

पण अजून निकाल लागलेला नाही. त्याच गावात भाऊबंदांपैकी दुसरा एखादा गणपत राघो नव्हता कशावरून? येथे खरी कसोटी लागते, आणि येथेच बहुतेक हौशी संशोधक वाट चुकतात. ते आपला गणपत शोधतात. शोधावयास पाहिजेत गावातले सगळे गणपत. त्या नावाचा प्रत्येक उल्लेख प्रथम स्वतंत्र पुरुष समजून वेगळ्या कागदावर मांडावा, त्याच्यासमोर वर्ष, शेत, बापाचे नाव, वारस, शेजारी, साक्षीदार हे जसे लिहिले असेल तसे टिपावे, आणि मग दोन पुरुष एकच असल्याचा पुरावा मिळेल तेव्हाच ते दोन कागद एकत्र टाचावेत. एक गणपत निपुत्रिक मेला, दुसरा आईच्या माहेरी दत्तक गेला, तिसऱ्याची जमीन लिलावात गेली आणि तो गाव सोडून गेला, असा प्रत्येकाचा हिशेब लागला म्हणजे जो मागे राहतो तो आपला. वकिली भाषेत याला अभावाचा पुरावा म्हणता येईल; तो मिळविणे कंटाळवाणे असते, म्हणून तो कोणी मिळवीत नाही.

यात लिपी आणखी एक अडसर घालते. निजामी अमलात १८८४ च्या सुमारास फारसीची जागा दरबारी भाषा म्हणून उर्दूने घेतली, आणि मराठी माणसांची नावे कारकुनांच्या घाईच्या शिकस्ता वळणात उतरू लागली. या लिपीत ब, त आणि न या अक्षरांचे अंग एकच. भेद फक्त नुकत्यांचा, कोणाचा नुक्ता खाली, कोणाचा वर, कोणाचे दोन. लेखणीच्या वेगात नुक्ते गळाले की बाबाजी, नानाजी आणि ताताजी या तिघांची आकृती तंतोतंत एक होते, आणि मग भाषांतरकार आपल्याला परिचित असेल ते नाव वाचतो. एका उताऱ्यात पणजोबा नानाजी आणि दुसऱ्यात बाबाजी असे आले म्हणून ते भाऊ ठरविण्यापूर्वी मूळ कागदाची छायाप्रत मागवावी. पुष्कळदा तेथे दोन भाऊ नसून एक माणूस आणि दोन वाचक असतात. मोडीची तऱ्हा निराळी. तीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अखंड मजकूर लिहिण्याची रीत, शब्द तोडण्याची सवय नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा विवेक नाही. आणि वर संक्षेपांची रेलचेल. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, एवढे ध्यानात न ठेवणाऱ्याच्या हातून सून ही मुलगी होते.

कालगणनेने तर माणसे नुसती हलत नाहीत, जन्मतात आणि मरतात. मराठी कागदांत शके, राजशक, फसली आणि शुहूर सन ही सर्व एकत्र नांदतात. शुहूर सन अरबी शब्दांत लिहिला जातो. ‘खमस सलासीन मया व अलफ’ म्हणजे पाच, तीस, शंभर आणि हजार, एकूण ११३५, आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळविले की इसवी सन १७३४-३५ येतो. परंतु हाच ११३५ आकडा फसली समजून कोणी ५९० मिळवील तर १७२५ निघेल. मधली नऊ वर्षे. या नऊ वर्षांत बाप मेलेला असतो आणि मुलगा अज्ञान असतो, आणि चुकीच्या गणनेमुळे मृत बापाने केलेले खरेदीखत आपल्या हाती पडते. मग ते जुळविण्यासाठी त्याच नावाचा एक काका कल्पावा लागतो, आणि असा कल्पित काका एकदा वंशावळीत शिरला की त्याला बाहेर काढणारा जन्मत नाही. हैदराबाद संस्थानात फसली वर्ष पुढे मृग नक्षत्राऐवजी आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून मोजू लागले. तेव्हा संस्थानी कागद आणि सरहद्दीपलीकडच्या इंग्रजी मुलखातला कागद यांत एकाच फसली वर्षाचे महिने सारखे धरता येत नाहीत.

इतक्या अविश्वासू साक्षीदारांत त्यातल्या त्यात भरवशाची साक्ष जमिनीची. माणूस नाव बदलील, गाव सोडील, वय चोरील. ओढ्याकाठचे शेत तेथेच राहते, आणि खरेदीखतातली चतुःसीमा, म्हणजे पूर्वेस अमक्याचे शेत, दक्षिणेस गाडीवाट, पश्चिमेस ओढा, हिच्यावरून दोन गणपतांपैकी कोणता ओढ्याकडचा हे निश्चित करता येते. एकाच शेताच्या विरासतीच्या व फेरफाराच्या नोंदी मागे मागे लावीत गेले की नावे बदलत जातात पण साखळी तुटत नाही. तुटते ती एका ठिकाणी: १९४७ च्या कायद्याप्रमाणे पुढे जमिनींचे एकत्रीकरण झाले तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता आधी मिळविल्यावाचून सर्व्हे नंबर बेचाळीस आणि गट नंबर बेचाळीस ही एकच जमीन समजणारा मनुष्य परक्याच्या पूर्वजांना पिंडदान करून येतो.

आडनावांविषयी मात्र मला फारसे चांगले बोलवत नाही. देशमुख, पाटील, कुलकर्णी, देशपांडे ही मुळात कुळाची नावे नव्हेत, वतनांची. म्हणून शेजारशेजारच्या दोन गावांतल्या दोन पाटलांत रक्ताचा संबंध असेलच असे नाही, आणि उलट पाटीलकी थोरल्याकडे राहून धाकटा कुळाचे जुने आडनाव लावू लागला तर सख्ख्या भावांची आडनावे दोन होतात. गावावरून पडलेल्या आडनावांचा न्याय असा की गावात राहणाऱ्याला ते लागत नाही, गाव सोडणाऱ्याला लागते. पैठणमध्ये कोणी स्वतःला पैठणकर कशाला म्हणवून घेईल? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वडिलांचे नाव रामजी मालोजी सकपाळ. सकपाळ आणि आंबेडकर ही दोन्ही एकाच घराची नावे आहेत हे त्या घराच्या बाबतीत सर्वश्रुत आहे, पण ज्यांची चरित्रे लिहिली गेली नाहीत अशा असंख्य घरांच्या बाबतीत ते सांगणारे कोणी उरलेले नाही. गावांच्या नावांतही तीच गर्दी. मराठवाड्यात वडगावे आणि पिंपळगावे किती आहेत हे मोजू नये. वडगाव कोल्हाटी असे पुढचे उपपद टिपल्यावाचून वडगाव या नोंदीला किंमत नाही. आणि खुद्द या शहराचीच ओळख पटविणे काही सोपे नाही: मलिक अंबरने १६१० मध्ये वसविले ती खडकी, त्याच्या मुलाचे फतेहनगर, औरंगजेबाचे औरंगाबाद, फारसी कागदांतले खुजिस्ता बुनियाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर ही एकच वस्ती, उलट खडकी म्हणून पुण्याजवळ दुसरे गाव आहे आणि औरंगाबाद म्हणून बिहारात एक जिल्हा आहे.

सर्वांत मोठा अंधार स्त्रियांच्या वाटेवर आहे. लग्नात आडनाव तर बदलतेच, पुष्कळदा पाळण्यातले नावही बदलते, आणि सासरी ठेवावयाच्या नावांचा साठा अगदी मर्यादित. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या पत्नी रमाबाई, ज्या १७७२ मध्ये थेऊरला सती गेल्या. सवाई माधवरावांच्या प्रथम पत्नीही रमाबाईच. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई माहेरच्या यमुना कुर्लेकर. आणि त्याच पुण्यात, त्याच काळी, १८८२ मध्ये आर्य महिला समाज स्थापणाऱ्या पंडिता रमाबाई डोंगरे, ज्यांच्या समाजात रानड्यांच्या रमाबाई जात असत. एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या पत्रात नुसते ‘रमाबाईंनी सभेत भाषण केले’ असे वाक्य आले तर ते कोणत्या रमाबाईंविषयी हे ठरविण्यास तारीख आणि सभेचे ठिकाण दोन्ही लागतात. सामान्य घरातल्या स्त्रीच्या वाट्याला तेवढेही येत नाही. ती ‘मयताची बायको’ म्हणून विरासतीच्या एका ओळीत दिसते आणि नाहीशी होते. तिचा माग काढावयाचा तर सासरच्या दप्तराऐवजी तिच्या भावाचे दप्तर उघडावे. माहेरच्या वाटणीपत्रात, हक्कसोडपत्रात, किंवा पैठण-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या बहीत भाऊ यात्रेला आला असता बहिणीचे नाव व तिचे सासरचे गाव सांगून गेला असेल तर तेथे, ती पुन्हा सापडण्याचा संभव असतो.

कागदांइतकीच माणसांच्या जबानीचीही पारख करावी लागते. वतनाच्या कज्ज्यात वादी व प्रतिवादी आपापला करीना लिहून देत. करीना म्हणजे आपल्या घराण्याची हकीकत, मूळ पुरुषापासून खाली. तीत आपल्या सोयीचा पूर्वज मोठा आणि गैरसोयीचा अदृश्य होणे हे ओघानेच आले, म्हणून गोतसभेत महजर करताना गावच्या बलुत्यांपासून शेजारच्या पाटलापर्यंत सगळ्यांच्या साक्षी घेतल्या जात. वंशाच्या साक्षीत स्वार्थ किती दूरवर पोहोचू शकतो याचा दाखला सातारच्या गादीनेच दिला आहे. डिसेंबर १७४९ मध्ये शाहूमहाराज निपुत्रिक वारले, तेव्हा ताराबाईंनी रामराजा या तरुणाला पुढे केले: हा माझ्या शिवाजीचा मुलगा, माझा नातू, जिवाच्या भीतीने गुप्तपणे वाढविलेला. त्यांच्या शब्दावर तो गादीवर बसला. वर्ष पुरे होण्यापूर्वी तो आपल्या मर्जीप्रमाणे वागत नाही असे दिसून येताच ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले आणि हा आपला नातू नव्हेच, गोंधळ्याचा पोर आहे, असे जाहीर केले. १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर तशी शपथही वाहिली. आजीचीच साक्ष दोन्ही बाजूंना. पहिली दिली तेव्हा सत्ता हाती येणार होती, दुसरी दिली तेव्हा ती हातून निसटत होती. रियासतकार सरदेसायांपासून पुढच्या अभ्यासकांनी या प्रकरणाची चिकित्सा केली, परंतु ज्या एका व्यक्तीला खरे ठाऊक होते तिनेच दोन परस्परविरोधी उत्तरे देऊन ठेवली असल्यामुळे निखळ निर्णयाला आधार उरत नाही.

रामराजा १७७७ पर्यंत जगला, आणि त्याने वावीकर भोसल्यांच्या शाखेतून दत्तक घेतलेले दुसरे शाहू गादीवर आले. म्हणजे त्याच्या मागचा दुवा संशयित असला तरी त्याच्या पुढचा दुवा दत्तविधानाने पक्का आहे. छापील वंशवृक्षांत ताराबाईंच्या शिवाजीपासून रामराजापर्यंत सरळ अखंड रेघ ओढलेली पाहिली की मला वाटते, मुद्रकाजवळ तुटक रेघेचा खिळा नसावा. सामान्य घराच्या वंशावळीतही असे एकदोन दुवे निघतातच, आणि तेथे रेघ तुटक ठेवून शेजारी बारीक अक्षरांत कोणत्या वर्षाच्या कोणत्या कागदावरून हा संबंध धरला आहे ते लिहून ठेवावे, म्हणजे पुढे एखादे नवे दप्तर उघडले गेले तर ती रेघ पुरी करणाऱ्याला किंवा पुसणाऱ्याला सुरुवात कोठून करावयाची ते कळेल.